हरवलेली मुखपृष्ठे : घरच्या संगीतसंग्रहाची निगा

इंदूरच्या मराठी समाजात डॉक्टरांना गाण्याचे वेड असणे ही नवलाची गोष्ट नाही. १९४८ पासून १९९२ पर्यंत कुमार गंधर्वांचे वास्तव्य शेजारच्या देवासला होते आणि उस्ताद अमीर खाँ यांची गायकी तर याच शहराच्या नावाने ओळखली जाते. दिवसभराचा दवाखाना आटोपल्यावर रात्री तासभर गाणे ऐकणे हा आपल्यापैकी अनेकांचा नित्यक्रम आहे. त्यातूनच घरोघरी ध्वनिमुद्रिकांचे, पुढे कॅसेट्सचे आणि त्यानंतर सीडींचे संग्रह उभे राहिले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे सारे हळूहळू संगणकाच्या हार्डडिस्कमध्ये जाऊन बसले. कपाट मोकळे झाले आणि संग्रह हाताच्या तळव्यावर मावू लागला.

मात्र या सोयीबरोबर एक नवी तक्रार आली. जुनी हार्डडिस्क भरली किंवा कुरकुर करू लागली म्हणून आपण नवी आणतो. सर्व फाइल्स नव्या डिस्कवर उतरवून घेतो. गाणी पूर्वीसारखीच वाजतात. परंतु पडद्यावर जेथे ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ किंवा चित्रपटाचे पोस्टर दिसत असे, तेथे आता करड्या रंगाचे रिकामे चौकोन दिसू लागतात. आमच्या सभेच्या बैठकीत चहाच्या वेळी हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. ‘गाणी आहेत ना, मग चित्रे गेली तर गेली’ असे म्हणून पुष्कळजण तो सोडूनही देतात. तो तसा सोडून का देऊ नये, हे प्रथम सांगावे, मग कारणे व उपाय यांकडे वळावे, असा या लेखाचा क्रम आहे. संगणकाचे विशेष ज्ञान नसलेल्या वाचकांनाही तो समजावा, असा प्रयत्न केला आहे.

केवळ शोभेचे चित्र नव्हे

प्रारंभी ध्वनिमुद्रिका साध्या तपकिरी कागदी वेष्टनात मिळत. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने प्रत्येक संचासाठी स्वतंत्र मुखपृष्ठ रेखाटण्याची प्रथा पाडली आणि ती पुढे जगभर रूढ झाली. लाँग प्लेइंग ध्वनिमुद्रिकांच्या काळात वेष्टनाची मागची बाजू तर माहितीचा खजिनाच असे. कोणता राग, कोणती बंदिश, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे सारे तेथे छापलेले असे.

नेहमीच्या ऑडिओ सीडीवर बहुधा गाण्याचे नावसुद्धा नोंदलेले नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यावर केवळ ध्वनी आणि प्रत्येक गाण्याचा आरंभ व शेवट यांची नोंद असते. संगणकात सीडी घातल्यावर नावे आपोआप उमटतात, ती इंटरनेटवरील एखाद्या सूचीतून आलेली असतात. कॅसेटमध्ये तर तेवढेही नाही. म्हणजेच गाण्याची ओळख ही ध्वनीत नसून त्याच्या वेष्टनावर होती. ते वेष्टन हरवले की उरतो तो केवळ एक अनामिक आवाज. रुग्णाचे नाव नसलेल्या क्ष-किरण चित्राची जी किंमत, तीच त्याची.

चित्र नेमके कोठे असते?

पडद्यावर चित्र दिसते तेव्हा ते गाण्याच्या फाइलमध्येच असावे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्याची तीन निवासस्थाने संभवतात.

पहिले स्थान म्हणजे फाइलच्या पोटात. एमपी-थ्री फाइलमध्ये माहिती लिहिण्याची सोय प्रथम १९९६ मध्ये झाली, तेव्हा तिच्यासाठी फाइलच्या शेवटी जेमतेम १२८ बाइट्स जागा होती. तेवढ्यात गाण्याचे आणि गायकाचे नाव कसेबसे मावे. १९९८ मध्ये या पद्धतीची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात चित्रासाठीही जागा ठेवण्यात आली. ‘फ्लॅक’ या दर्जेदार स्वरूपात चित्रासाठी स्वतंत्र कप्पा २००६ मध्ये आला. ‘वेव्ह’ फाइलमध्ये मात्र सर्वमान्य अशी सोय आजही नाही. एका प्रोग्रॅमने तिच्यात घातलेले चित्र दुसऱ्याला दिसेलच असे नाही.

दुसरे स्थान म्हणजे फाइलच्या शेजारी. त्याच फोल्डरमध्ये ‘फोल्डर’ किंवा ‘कव्हर’ अशा ठराविक नावाची जेपीजी फाइल ठेवली, की बहुतेक प्रोग्रॅम तिला त्या संचाचे मुखपृष्ठ मानतात. चित्रपटांच्या बाबतीत ‘पोस्टर’ आणि ‘फॅनआर्ट’ ही नावे रूढ आहेत.

तिसरे स्थान सर्वांत फसवे आहे. गाणी व चित्रपट यांची मांडणी करणारे कोडी, प्लेक्स, जेलीफिन यांसारखे प्रोग्रॅम स्वतःची एक नोंदवही, म्हणजे डेटाबेस, ठेवतात. इंटरनेटवरून आणलेली किंवा आपण निवडून दिलेली चित्रे ते स्वतःच्या एका वेगळ्या फोल्डरात साठवतात. हे फोल्डर बहुधा संगणकाच्या मुख्य डिस्कवर असते. संगीताच्या डिस्कशी त्याचा काही संबंध नसतो. आयट्यून्समध्ये २००६ पासून मुखपृष्ठे आपोआप मागवण्याची सोय झाली. ती चित्रेही गाण्याच्या फाइलमध्ये जात नसत. एका निराळ्या फोल्डरात साठत.

आपल्या व्यवसायातील उदाहरण द्यायचे तर सीटी स्कॅनची डायकॉम फाइल आठवावी. तिच्यात प्रतिमेबरोबरच रुग्णाचे नाव, क्रमांक आणि तपासणीची तारीख नोंदलेली असते. ती कोणत्याही रुग्णालयात उघडली तरी कोणाची आहे ते कळते. याउलट, नावे फक्त स्वागतकक्षाच्या रजिस्टरात आणि पाकिटांवर नुसते क्रमांक, अशी व्यवस्था असेल तर रजिस्टर हरवताच सर्व पाकिटे निरुपयोगी होतात. आपले घरचे संग्रह बहुतांशी या दुसऱ्या पद्धतीने चाललेले असतात.

ड्राइव्ह बदलल्यावर काय बिघडते?

नोंदवहीत प्रत्येक गाण्याचा पत्ता लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, ‘ई ड्राइव्ह, संगीत फोल्डर, त्यात नाट्यगीते, त्यात अमुक फाइल.’ विंडोजमध्ये बाहेरून जोडलेल्या डिस्कला एखादे मोकळे अक्षर मिळते. नवी डिस्क जोडली आणि तिला ‘ई’ ऐवजी ‘एफ’ हे अक्षर मिळाले, तर फोल्डर जसेच्या तसे असूनही पत्ता चुकतो. माणूस त्याच घरात आहे, परंतु गल्लीचे नाव बदलले, असा हा प्रकार आहे. पोस्टमन पत्र परत नेतो.

मॅक संगणकावर अक्षरांऐवजी डिस्कचे नाव चालते. परंतु त्या नावाची दुसरी डिस्क आधीच जोडलेली असेल, तर नव्या डिस्कच्या वाटेत त्या नावापुढे १ हा आकडा जोडला जातो. एवढ्याशा फरकानेही पत्ता बदलतो.

कोडीसारख्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. साठवलेल्या प्रत्येक चित्राचे नाव हे मूळ चित्राच्या पत्त्यावरून गणिताने काढलेले असते. चित्राचा मूळ पत्ता बदलला की गणिताचे उत्तर बदलते आणि जुने साठवलेले चित्र जागेवर असूनही प्रोग्रॅमला सापडत नाही.

याखेरीज दोन किरकोळ वाटणारी कारणे वारंवार आढळतात. विंडोज मीडिया प्लेयरने फोल्डरात ठेवलेली मुखपृष्ठे ‘लपवलेल्या’ फाइल्स असतात. संपूर्ण फोल्डर उचलून नव्या डिस्कवर ठेवले तर त्याही सोबत जातात. परंतु फोल्डर उघडून आतील दिसणाऱ्या फाइल्स तेवढ्या निवडून नेल्या, तर लपलेली चित्रे मागेच राहतात. दुसरे कारण इंग्रजी अक्षरांच्या लहान-मोठेपणाचे. विंडोजला नावातील पहिले अक्षर मोठ्या लिपीत असले काय आणि लहान लिपीत असले काय, सारखेच. बहुतेक नेटवर्क डिस्क लिनक्सवर चालतात आणि लिनक्सच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी नावे आहेत. त्यामुळे विंडोजवर दिसणारे चित्र तेथे अदृश्य होऊ शकते.

प्रथम काय करू नये

रुग्णाला अपाय होऊ न देणे हे आपले पहिले कर्तव्य. तोच नियम येथेही लागू पडतो. रिकामे चौकोन दिसताच घाबरून ‘लायब्ररी साफ करा’, ‘कचरा रिकामा करा’ किंवा ‘सर्व चित्रे नव्याने आणा’ अशा आज्ञा देऊ नयेत. पहिल्या दोन आज्ञांचा अर्थ असा, की ज्या फाइल्स सापडत नाहीत त्यांच्या नोंदी पुसून टाकाव्यात. डिस्क नुसती सुटी असेल किंवा तिचे अक्षर बदललेले असेल, तरीही प्रोग्रॅमच्या दृष्टीने फाइल्स सापडत नसतात. अशा वेळी वर्षानुवर्षांच्या नोंदी, आवडीच्या खुणा आणि हाताने निवडलेली चित्रे यांवर पाणी पडते. तिसरी आज्ञा हाताने लावलेल्या चित्रांच्या जागी इंटरनेटवरील भलतीच चित्रे आणून बसवू शकते.

प्लेक्समध्ये प्रत्येक शोधानंतर कचरा आपोआप रिकामा करण्याची सोय सेटिंगमध्ये असते. डिस्क बदलण्यापूर्वी ती आठवणीने बंद करावी. जुनी डिस्क पुसून टाकणे किंवा कोणाला देऊन टाकणे हेही काही महिने लांबणीवर टाकावे. जुना संगणक असेल तर त्यालाही हात लावू नये.

निदान

निदानासाठी तीन सोप्या चाचण्या पुरतात. एक गाणे पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून वाजवावे. चित्र दिसले तर ते फाइलच्या पोटात आहे आणि बिघाड केवळ नोंदवहीत आहे. चित्र न दिसल्यास त्या गाण्याचे फोल्डर उघडून, लपलेल्या फाइल्स दाखवण्याची आज्ञा देऊन, शेजारी एखादी जेपीजी फाइल आहे का ते पाहावे. जुन्या डिस्कवर ती असेल आणि नव्या डिस्कवर नसेल, तर दोष नकल करण्यातला आहे. दोन्ही ठिकाणी काहीच नसेल, तर चित्र फक्त प्रोग्रॅमच्या साठ्यात होते असे समजावे. हा तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे.

उपचार

सर्वांत सौम्य आणि बहुधा पुरेसा उपचार म्हणजे जुना पत्ता परत देणे. प्रोग्रॅम बंद करावा. विंडोजमध्ये स्टार्टच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे, नव्या डिस्कच्या विभागावर उजवी कळ दाबावी आणि ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडून जुने अक्षर द्यावे. जुनी डिस्क अजून जोडलेली असेल तर ती आधी काढून घ्यावी, म्हणजे ते अक्षर मोकळे होते. विंडोज ज्या विभागात आहे त्या ‘सी’ विभागाच्या वाटेला मात्र जाऊ नये. मॅकवर नव्या डिस्कला जुनीचे नाव हुबेहूब द्यावे. लिनक्सवर डिस्कच्या स्वतःच्या कायम ओळखक्रमांकाने ती नेहमी एकाच ठिकाणी जोडली जाईल, अशी व्यवस्था करता येते. फोल्डरांची आतील रचना पूर्वीचीच असेल, तर प्रोग्रॅम पुन्हा सुरू करताच चित्रे बहुधा परत येतात.

संग्रह नेटवर्क डिस्कवर हलवला असेल तर जुना पत्ता परत देणे शक्य नसते. प्लेक्समध्ये अशा वेळी क्रम महत्त्वाचा आहे. लायब्ररीत नवे ठिकाण प्रथम जोडावे, शोध पूर्ण होऊ द्यावा, सर्व काही दिसत असल्याची खात्री करावी आणि मगच जुने ठिकाण काढावे. उलट क्रमाने केल्यास आधी नोंदी जातात. कोडीमध्ये स्थलांतरापूर्वी लायब्ररी ‘निरनिराळ्या फाइल्स’ या पर्यायाने निर्यात करावी. त्यामुळे प्रत्येक चित्रपटाची माहिती आणि चित्रे त्याच्या शेजारी फोल्डरात उतरतात व नव्या ठिकाणी तेथूनच वाचली जातात. जेलीफिनमध्ये चित्रे माध्यमांच्या फोल्डरातच साठवण्याचा पर्याय आहे. तो आरंभापासून चालू ठेवणे चांगले.

फोल्डरातील चित्रे नकल करताना राहिली असतील तर ती जुन्या डिस्कवरून पुन्हा आणावीत. नेटवर्क डिस्कवर नावे इंग्रजीच्या लहान लिपीत करून घ्यावीत.

चित्र कोठेच उरले नसेल आणि ध्वनिमुद्रिका बाजारात आलेली असेल, तर ते नव्याने मिळवता येते. म्युझिकब्रेन्झ या सूचीने इंटरनेट आर्काइव्हच्या सहकार्याने २०१२ मध्ये मुखपृष्ठांचे एक मुक्त भांडार सुरू केले. ‘पिकार्ड’ हा विनामूल्य प्रोग्रॅम तेथून चित्र आणून थेट फाइलच्या पोटात घालतो. ‘एमपी-थ्री-टॅग’ या प्रोग्रॅमने आपल्याजवळचे चित्र संपूर्ण संचाला एकाच वेळी जोडता येते.

मराठी संग्रहाच्या बाबतीत मात्र हे काम यंत्रावर सोपवून झोपी जाऊ नये. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले आणि त्याच नावाचा चित्रपट २०१५ मध्ये. ‘नटसम्राट’ नाटक १९७० मधले आणि चित्रपट २०१६ मधला. यंत्र नाव जुळवते, काळ ओळखत नाही. वसंतराव देशपांडे यांच्या आवाजातील नाट्यपदांवर २०१५ च्या चित्रपटाचे पोस्टर चिकटलेले मी पाहिले आहे. कोणताही रसिक ते पाहून हसेल. परंतु चाळीस वर्षांनी हा संग्रह ज्याच्या हाती जाईल तो हसणार नाही, तो ते खरे मानेल.

मराठी अक्षरांची एक खास अडचण

फोल्डरांना मराठी नावे देणाऱ्यांना आणखी एक चकवा लागतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’चे उदाहरण घेऊ. या नावातील ‘ऱ्या’ हे जोडाक्षर संगणकात निरनिराळ्या रीतींनी लिहिले जाते. एका रीतीत ‘ऱ’ हे एकच स्वतंत्र चिन्ह असते. दुसरीत साधा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हे असतात. तिसरीत ‘र’, हलंत आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरले जाते. पडद्यावर ही रूपे जवळजवळ सारखीच दिसतात. यंत्राला मात्र ती वेगळी नावे वाटतात. मॅकची जुनी फाइलव्यवस्था पहिले रूप आपणहून दुसऱ्यात बदलून साठवत असे. त्यामुळे मॅकवरच्या डिस्कमधून दुसरीकडे आणलेल्या संग्रहात गाणी वाजतात, पण नोंदवहीतील नाव आणि डिस्कवरील नाव यांचा मेळ बसत नाही. सगळे काही जागेवर दिसत असूनही एक-दोनच संचांची चित्रे येत नसतील, तर त्यांच्या नावात ‘ऱ’ आहे का, हे अवश्य पाहावे. नाव पुसून ते नव्याने टंकित करणे आणि नंतर त्या फोल्डराचा शोध पुन्हा घेणे, हा साधा उपाय आहे. नवे फोल्डर करताना इंग्रजी लिपीतील सुटसुटीत नाव देऊन मराठी शीर्षक फाइलच्या पोटातील माहितीत लिहावे, म्हणजे ही अडचण उद्भवतच नाही.

जी चित्रे जगात दुसरीकडे नाहीत

आतापर्यंत बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकांचा विचार केला. त्यांची चित्रे आज ना उद्या मिळतात. परंतु आपल्यापैकी कित्येकांकडे खासगी मैफलींच्या, घरगुती गणेशोत्सवातील गाण्यांच्या, आजोबांनी म्हटलेल्या स्तोत्रांच्या कॅसेट्स होत्या. त्यांचे मुखपृष्ठ म्हणजे डबीतील लहानसा कागद आणि त्यावरील हस्ताक्षर. हा कागद इंटरनेटवर कोठेही नसतो.

आमच्या परिचयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी निवृत्तीनंतर चार-पाच वर्षे खपून आपल्या वडिलांच्या सुमारे तीनशे कॅसेट्स संगणकात उतरवल्या. वडील प्रत्येक कागदावर राग, तारीख, यजमानांचे नाव आणि साथीदार बारीक अक्षरात लिहीत. सहकाऱ्यांनी त्या कागदांची छायाचित्रे घेतली, ती एकेका संचाला प्रोग्रॅममधून निवडून दिली आणि पडद्यावर नीट दिसतात असे पाहून मूळ छायाचित्रे पुसून टाकली. कॅसेट्सना बुरशी लागली होती, त्याही रद्दीत गेल्या. पुढे डिस्क बदलली, अक्षर बदलले, संग्रह नव्याने जोडला गेला आणि सर्व हस्ताक्षरे एका दिवसात अदृश्य झाली. फाइल्सची नावे नुसती ‘कॅसेट १’, ‘कॅसेट २’ अशी होती. कोणती मैफल कोणाची, हे सांगणारे वडील हयात नव्हते.

सुदैवाने जुना संगणक माळ्यावर तसाच पडून होता. तो सुरू करून प्रोग्रॅमच्या चित्रसाठ्याचे फोल्डर उघडले. त्यात सोळा उपफोल्डर आणि हजारो फाइल्स होत्या. नावे म्हणजे आकडे व अक्षरांची अर्थहीन जुळणी. परंतु आतील प्रत्येक फाइल साधे जेपीजी चित्रच होती. संपूर्ण साठ्याची आधी नकल करून घेतली. मग मोठ्या लघुचित्रांच्या दृश्यात एकेक पाहत त्यांनी आणि त्यांच्या सूनबाईंनी तीन रविवारी ते कागद वेचून काढले. प्रोग्रॅमने चित्रे साठवताना लहान केली होती, त्यामुळे काही ठिकाणी अक्षर धूसर झाले होते. बहुतेक कागद वाचता आले. दहा-बारा कागदांवरचे साथीदारांचे नाव शेवटपर्यंत लागले नाही. ते आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

या प्रकाराने एक गोष्ट स्पष्ट होते. प्रोग्रॅम आपल्याला चित्र ‘दाखवतो’ याचा अर्थ ते आपल्याजवळ ‘आहे’ असा होत नाही. नोंदवही ही सोयीसाठी असते आणि तशी ती केव्हाही नव्याने करता यावी. जे पुन्हा मिळणार नाही, ते त्या नोंदवहीत कधीही ठेवू नये.

प्रतिबंध

म्हणून पुढील पथ्ये सुचवावीशी वाटतात.

१. मुखपृष्ठ फाइलच्या पोटातही घालावे आणि फोल्डरातही ठेवावे. जागेची चिंता करू नये. चित्र ३०० किलोबाइटचे धरले, तर दहा गाण्यांच्या संचाला ३ मेगाबाइट लागतात. फ्लॅक स्वरूपातील एक सीडी सुमारे ३०० मेगाबाइट व्यापते. म्हणजे हा भार केवळ एक टक्क्याचा आहे.

२. कॅसेटमधील कागद स्कॅनरवर ६०० डीपीआय या घनतेने, दोन्ही बाजूंनी टिपावा. सीडीच्या पुस्तिकेला ३०० पुरते. लाँग प्लेइंग रेकॉर्डचे वेष्टन घरगुती स्कॅनरवर मावत नाही; त्याचे खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता छायाचित्र घ्यावे. मोठे मूळ चित्र फोल्डरात राहू द्यावे आणि १००० ते १५०० पिक्सेलची लहान प्रत फाइलच्या पोटात घालावी.

३. हस्ताक्षरातील मजकूर चित्रावरच न सोडता तो टंकित करून त्याच फोल्डरात साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवावा. राग, गायक, साथीदार, स्थळ, तारीख. पन्नास वर्षांनंतर कोणता प्रोग्रॅम चालू असेल ते सांगता येत नाही. साधा मजकूर वाचता येण्याची शक्यता सर्वांत अधिक.

४. संगीताच्या डिस्कला ‘एम’ किंवा त्यापुढचे एखादे अक्षर स्वतः नेमून द्यावे. सहसा येता-जाता जोडलेले पेन ड्राइव्ह सुरुवातीची अक्षरे घेतात, त्यामुळे हे अक्षर मोकळे राहते.

५. संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावी असलेल्या मुलाकडे वा मुलीकडे ठेवावी. प्रोग्रॅमच्या नोंदवहीचीही एक प्रत सोबत घ्यावी.

६. डिस्क बदलल्यानंतर सहा महिने जुनी डिस्क जपून ठेवावी. मूळ कागद तर कधीच टाकू नयेत. ते एका लिफाफ्यात मावतात.

महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या वसलेल्या आपल्यासारख्या समाजाचा इतिहास फारसा ग्रंथात लिहिला गेलेला नाही. कोणाच्या दिवाणखान्यात कोण गाऊन गेले, साथीला कोण बसले होते, हे अशा कागदांवरच टिकून आहे. येत्या सुट्टीत वाचकांनी आपल्या संग्रहातील एकच फोल्डर उघडून, त्यातील चित्र नेमके कोठे आहे एवढे तपासावे. ते फाइलच्या पोटात किंवा शेजारी नसेल, तर ज्यांचा कागद जगात एकुलता एक आहे, अशा ध्वनिमुद्रणांपासून काम सुरू करावे. या कामात कोणाला अडचण आल्यास सभेच्या मासिक बैठकीत मी भेटतोच. येताना जुनी डिस्क सोबत आणावी आणि तोवर काहीही पुसू नये, एवढीच विनंती.